निवड देवाची, निवाडा कोणाचा?

आपल्या मॉरिशसमध्ये एकाच कुटुंबात दोन धर्म नांदणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. थोरल्या भावाकडे चतुर्थीला गणपती बसतो आणि धाकट्याची सून रविवारी सकाळी बायबल घेऊन प्रार्थनेला जाते, अशी घरे आपल्या मराठी समाजातही आहेत. बहुतेक ठिकाणी हे समजुतीने चालते. परंतु घरात कोणी वारले म्हणजे एक प्रश्न हळूच पुढे येतो. "आजीचे तारण झाले असेल का?" असे कोणीतरी विचारतो. विचारणारा वाईट नसतो. आजीवर माया असते म्हणूनच त्याला तो प्रश्न पडतो. पण ऐकणाऱ्याच्या काळजाला तो लागतो. मग दुसऱ्या बाजूने उत्तर येते, "तू बाटलास ते तुझ्या कपाळी लिहिलेलेच होते, आता आम्हांला शिकवू नकोस." दोन वाक्यांत घर दुभंगते.

या विषयावर आज आम्ही चार शब्द लिहिणार आहोत. कोणाचा धर्म खरा हे ठरविण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि आमचा तसा हेतूही नाही. पण ज्या 'निवडी'च्या आणि 'तारणा'च्या गोष्टी एवढ्या खात्रीने बोलल्या जातात, त्यांवर खुद्द ख्रिस्ती धर्मात सोळाशे वर्षे वाद चालू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या वादात एका राजपुरुषाने आपले सैन्यबळ वापरले आणि त्याच राजपुरुषाचे नाव आपल्या बेटाला आहे, हे तर त्याहूनही थोड्यांना ठाऊक असेल.

वाद कशाचा?

ख्रिस्ती श्रद्धा अशी की मनुष्य पापात सापडलेला आहे आणि देवाच्या कृपेने, येशू ख्रिस्ताच्या द्वारे, त्याचे तारण होते. इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. भांडण पुढे सुरू होते. तारणाची सुरुवात कोणाकडून होते? देव सर्वज्ञ आणि सर्वसमर्थ असेल, तर कोण तरणार हे त्याने आधीच ठरविलेले असले पाहिजे. मग जे तरत नाहीत त्यांचे काय? त्यांनाही त्यानेच वगळले म्हणायचे का? उलट, स्वीकार किंवा नकार मनुष्याच्याच हाती आहे असे म्हटले, तर देव मनुष्याच्या उंबऱ्यावर वाट पाहत उभा राहिला, आणि तारणाचे निम्मे श्रेय मनुष्याकडे गेले.

दोन्ही पक्ष बायबलच उघडून दाखवितात. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हा याकोब आणि एसाव या जुळ्या भावांची गोष्ट सांगतो. जन्मापूर्वीच, बरेवाईट काही करण्यापूर्वीच, देवाने एकाची निवड केली. कुंभार आणि माती यांचा दृष्टांतही तेथेच येतो. दुसरीकडे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचे म्हटले आहे. येशू यरुशलेम नगरीविषयी हळहळतो की, मी तुझ्या लेकरांना पंखांखाली घ्यायला पाहिले, पण तुम्हीच आला नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तर पौल एका दमात दोन्ही सांगतो: आपले तारण तुम्ही भीत भीत साधून घ्या, आणि ते तुमच्यात साधणारा देव आहे. ग्रंथच जर दोन्ही सूर लावतो, तर वाद होणे स्वाभाविक आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी हा वाद प्रथम जोरात पेटला. पेलागियस नावाचा ब्रिटनमधून आलेला एक तपस्वी रोममध्ये राहत होता. तेथील ख्रिस्ती लोकांचे सैल वागणे पाहून तो अस्वस्थ झाला. मनुष्य दुर्बळ आहे, काय करणार, ही सबब त्याला मान्य नव्हती. देवाने आज्ञा दिली आहे म्हणजे ती पाळण्याचे बळही दिले आहे, असे तो सांगे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे धर्माध्यक्ष ऑगस्टीन (३५४–४३०) यांना हे पटले नाही. आपल्या तारुण्यातील वासनांशी झगडताना स्वतःचे बळ किती तोकडे पडते हे त्यांनी भोगलेले होते. कृपा आधी, मनुष्याचे पाऊल नंतर, आणि ही कृपा देव ज्याला देतो त्यालाच मिळते, असे त्यांचे म्हणणे. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसचे मत त्याज्य ठरविले. पण ५२९ साली ओरांज येथील सभेने एक गोष्ट स्पष्ट केली: कृपेशिवाय मनुष्य देवाकडे वळू शकत नाही हे खरे, परंतु देवाने कोणाला पापासाठीच नेमून ठेवले आहे, हे आम्हांला मुळीच मान्य नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पेलागियसला माणसाचा आळस सलत होता, ऑगस्टीनला माणसाचा अहंकार. दोघांनीही आपापल्या काळातील खऱ्या रोगावर बोट ठेवले होते.

आपल्या बेटाचे नाव आणि एक वधस्तंभ

सोळाव्या शतकात जिनिव्हाचे धर्मसुधारक जॉन कॅल्विन (१५०९–१५६४) यांनी ऑगस्टीनचा धागा पुढे नेला. देवाने आपल्या गूढ संकल्पाने काहींना तारणासाठी निवडले आणि काहींना निवडले नाही, असे त्यांनी मांडले. त्या काळी छळाला तोंड देत देशोधडीला लागलेल्या प्रोटेस्टंट लोकांना या शिकवणीने मोठा धीर दिला, हे विसरून चालणार नाही. घरदार गेले, राजा उलटला, तरी देवाने धरलेला हात सुटणार नाही, हा त्यातला आधार होता.

कॅल्विनचा पंथ हॉलंडमध्ये रुजला. तेथे याकोबुस आर्मिनियस (१५६०–१६०९) नावाचे धर्मशास्त्री होऊन गेले. त्यांचे जन्मगाव औडेवाटर. १५७५ साली स्पॅनिश सैन्याने तेथे कत्तल केली तीत त्यांचे घरचे लोक मारले गेले. पुढे ते जिनिव्हात शिकले, आम्स्टरडॅममध्ये पाळक झाले आणि १६०३ साली लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे म्हणणे असे की कृपेवाचून कोणीच तरत नाही, पण कृपा बळजबरी करीत नाही. मनुष्य तिला नाकारू शकतो. कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो आणि त्यांना तो निवडतो. त्यांचेच सहकारी प्राध्यापक गोमारुस यांनी कडाडून विरोध केला. निवड ही विश्वासामुळे होत नाही, विश्वास हाच निवडीचे फळ आहे, असा त्यांचा पक्ष.

१६०९ मध्ये आर्मिनियस वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या पक्षाच्या चाळीसहून अधिक पाळकांनी पाच कलमांचे निवेदन सरकारला सादर केले. विद्यापीठातला वाद आता चर्चमध्ये, बाजारात आणि राजकारणात शिरला. हॉलंड प्रांताचे वयोवृद्ध मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेव्हेल्ट हे निवेदनवाद्यांना सांभाळून घेण्याच्या मताचे होते. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली उभी राहिली तीत त्यांचाच मोठा हात होता. त्यांच्या विरुद्ध उभे राहिले सेनापती मॉरिट्स, नासाउ घराण्याचे राजपुत्र. याच मॉरिट्सच्या सन्मानार्थ डच खलाशांनी १५९८ च्या सप्टेंबरात आपल्या बेटावर उतरून त्याला 'मॉरिशस' हे नाव दिले होते.

मॉरिट्सला धर्मशास्त्रात रस होता काय? पूर्वनियोजन हे कोणत्या रंगाचे असते तेही मला ठाऊक नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याच्या मनातला मुख्य प्रश्न सत्तेचा होता. स्पेनशी युद्ध चालू ठेवायचे की तह टिकवायचा, सैन्य कोणाच्या हुकमात राहायचे, हे त्याला ठरवायचे होते. १६१७ साली त्याने उघडपणे कडव्या पक्षाच्या चर्चमध्ये जायला सुरुवात केली आणि १६१८ च्या ऑगस्टमध्ये ओल्डेनबार्नेव्हेल्टला अटक केली.

त्यानंतर नोव्हेंबर १६१८ मध्ये डोर्ड्रेक्ट नगरीत मोठी धर्मसभा भरली. इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड येथूनही प्रतिनिधी आले होते. निवेदनवाद्यांना तेथे सभासद म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून बोलावण्यात आले, आणि जानेवारी १६१९ मध्ये सभेबाहेर घालविण्यात आले. सभेने निकाल दिला: निवड ही माणसाच्या कोणत्याही गुणावर अवलंबून नाही, आणि निवडलेल्यांपर्यंत कृपा पोहोचल्यावाचून राहत नाही. सुमारे दोनशे पाळकांच्या जागा गेल्या. सभेचे मुख्य काम आटोपत असतानाच, १३ मे १६१९ रोजी, एकाहत्तर वर्षांच्या ओल्डेनबार्नेव्हेल्टचा हेग शहरात शिरच्छेद झाला. आरोप राजद्रोहाचा होता. त्याच पक्षाचे थोर कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांना जन्मठेप झाली. १६२१ साली त्यांच्या पत्नीने त्यांना पुस्तकांच्या पेटाऱ्यात दडवून किल्ल्याबाहेर काढले, ही कथा डच मुले आजही ऐकतात.

आम्ही हे एवढ्या विस्ताराने सांगितले, त्याचे कारण आहे. डोर्टच्या सभेतले बहुतेक लोक विद्वान आणि श्रद्धावान होते. त्यांचे सिद्धान्त अनेक देशांतील लाखो लोक आजही मनापासून मानतात. पण देवाची कृपा फुकट मिळते हे सांगणाऱ्या सभेच्या पाठीशी सैनिक उभे होते. याने कोणाची खात्री पटली? कोणाचीच नाही. १६२५ साली मॉरिट्स वारला, आणि थोड्याच वर्षांत निवेदनवादी परत आले. १६३० साली आम्स्टरडॅममध्ये त्यांनी आपले चर्च बांधले. त्यांचा लहानसा पंथ हॉलंडमध्ये अजूनही आहे. ज्याच्यासाठी म्हातारपणी एका देशसेवकाचे डोके उडविले, तो प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

दुसरी एक वाट

याच सुमारास कॅथलिक चर्चमध्येही हाच वाद पेटलेला होता. जेझुइट धर्मगुरू लुईस दे मोलिना यांनी १५८८ साली मनुष्याच्या स्वातंत्र्याची बाजू घेऊन ग्रंथ लिहिला. डॉमिनिकन संघाचे लोक खवळले. रोममध्ये १५९८ पासून नऊ वर्षे चौकशी चालली. शेवटी १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी काय निकाल दिला? त्यांनी निकालच दिला नाही. दोन्ही पक्षांनी आपापले मत बाळगावे, परंतु एकमेकांना पाखंडी म्हणू नये, असे सांगून दोघांना घरी पाठविले.

काहींना हा पळपुटेपणा वाटेल. आम्हांला तो शहाणपणा वाटतो. काही प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर सापडण्याआधी माणसांना एकत्र राहायचे असते. आमच्या कोकणातल्या पूर्वजांनी बांधाच्या भांडणात हेच केले असते: मोजणी होईल तेव्हा होईल, तोवर दोघांनी आपापली शेते नांगरा.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हिटफिल्ड या दोन मित्रांत याच कारणाने फूट पडली. वेस्ली यांनी १७३९ साली कृपा सर्वांसाठी मोकळी आहे असे प्रवचन केले, व्हिटफिल्ड यांनी पुढच्या वर्षी पत्र लिहून त्याचा प्रतिवाद केला. दोघेही जिद्दीचे. पण संबंध त्यांनी तुटू दिले नाहीत. १७७० साली व्हिटफिल्ड वारले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लंडनला प्रवचन दिले ते वेस्ली यांनीच.

येथे कोणी विचारील, मग या दोन मतांपैकी कोणत्या मताने माणूस अधिक चांगला होतो? गुलामगिरीचा इतिहास ज्या बेटावर घडला, तेथील वाचकांना हे जाणून घ्यावेसे वाटेलच. निवड मानणारे व्हिटफिल्ड यांनी अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरीला परवानगी मिळावी म्हणून खटपट केली आणि स्वतः गुलाम बाळगले. सर्वांसाठी कृपा मानणारे वेस्ली यांनी १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. हिशेब सोपा वाटतो. पण थांबा. जॉन न्यूटन हेही निवड मानणारेच. ते आधी गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते आणि त्यांनीच १७८८ साली त्या व्यापाराची लाज उघड्यावर मांडली. तेव्हा केवळ सिद्धान्तावरून माणूस ओळखता येत नाही. तो सिद्धान्त त्याने कोणाकडे रोखला आहे, हे पाहावे लागते.

याचे सर्वांत कडू उदाहरण आपल्या शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत घडले. डचांचे आपल्या बेटावरचे दुसरे ठाणे १६६४ ते १७१० या काळात केपच्या वसाहतीच्याच हाताखाली होते, म्हणजे हे लोक आपल्याला इतिहासाने परके नाहीत. त्यांच्या वंशजांत पुढे अशी समजूत बळावली की आपण देवाने निवडलेली जात आहोत. पापी माणसाला धीर देण्यासाठी सांगितलेली निवड कातडीच्या रंगाला चिकटली. १८५७ साली तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेने काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या उपासनेला मुभा दिली, आणि विसाव्या शतकात वर्णभेदाच्या राज्याला याच चर्चने शास्त्राधार पुरविला. पण हेही सांगितले पाहिजे की त्याला उत्तर कॅल्विनच्याच अनुयायांनी दिले. १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरविले. त्याच साली केपजवळील बेल्हार येथे गैरगोऱ्यांच्या चर्चने आपल्या श्रद्धेचे निवेदन तयार केले, आणि १९८६ मध्ये ते स्वीकारले. निवडलेला म्हणजे वरचा नव्हे, हे त्यांनी आपल्याच शास्त्रातून दाखवून दिले.

हा वाद आपल्यालाही नवा नाही

आपल्यापैकी काहींना वाटेल, हे ख्रिस्ती लोकांचे भांडण, आपल्याला काय त्याचे? वाचकहो, हेच भांडण आपल्याही घरी झालेले आहे. रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे दोन पक्ष पडले. एक म्हणे, जीव माकडाच्या पिलासारखा आहे. आई उडी मारते, पण पिलाने तिला घट्ट धरले पाहिजे. दुसरा म्हणे, जीव मांजरीच्या पिलासारखा आहे. ते नुसते ओरडते, आई त्याला मानेला धरून उचलून नेते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय म्हणतात ते हेच. आर्मिनियसला माकडाचे पिलू पटले असते आणि गोमारुसला मांजरीचे! मध्वाचार्यांनी तर काही जीव स्वभावतःच मोक्षाला पात्र नाहीत असे सांगितले, आणि कॅल्विनच्या मताशी त्याची तुलना विद्वानांनी केलेली आहे. आपल्या महाराष्ट्रात समर्थांच्या दासबोधात प्रयत्नाला केवढे मोठे स्थान आहे, आणि तुकोबांच्या अभंगांत सर्व भार विठ्ठलावर कसा टाकलेला आहे, हे भजनाला बसणाऱ्यांना सांगायला नको. आपण एकाच रात्री दोन्ही म्हणतो आणि आपल्याला काही विसंगत वाटत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर या बातमीने आकाश कोसळले. पुढची चारपाच वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्या दिवसांचे वर्णन केले आहे, ते प्रत्येक मराठी माणसाने वाचावे. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या वेळेला, आपल्या मनाने. टिळकांचा विश्वास असा की देवाने आपल्याला बोलावले. तरीही बायकोच्या उत्तराची त्यांना वाट पाहावी लागली. कृपा आणि स्वातंत्र्य यांचा वाद पंडितांनी पोथ्यांत मांडला, या दांपत्याने तो संसारात काढला.

आमचे म्हणणे

आता आमचे मत स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट आमच्या ख्रिस्ती बांधवांना, विशेषतः तरुणांना. तुमची श्रद्धा तुमची आहे आणि ती बोलून दाखविण्याचा तुम्हांला हक्क आहे. ख्रिस्तावाचून तारण नाही असे तुमचे पाळक शिकवीत असतील, तर ते तुम्ही मानावे की नाही हा तुमचा प्रश्न आहे. पण अमुक एक व्यक्ती तरली की बुडाली हे सांगण्याचा अधिकार तुमच्या शास्त्राने तरी तुम्हांला दिला आहे काय? देवाच्या गूढ संकल्पात कुतूहलाने डोकावू नये, असे डोर्टच्या सभेने स्वतःच बजाविले आहे. कॅल्विननेही तेच सांगितले. निवडलेल्यांची यादी त्यांच्यापैकी कोणाजवळ नव्हती. वेस्लीच्या मते तर देवाची कृपा प्रत्येक मनुष्यापाशी त्याच्या कळण्याआधीच येऊन पोहोचलेली असते. आणि आपल्या बेटावर बहुसंख्य ख्रिस्ती ज्या कॅथलिक चर्चचे आहेत, त्याने १९६४ साली व्हॅटिकन सभेत म्हटले की ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांचेही तारण होऊ शकते. हे सर्वच पंथांना मान्य नाही, हे आम्ही जाणतो. पण एवढे तर सर्वांना मान्य आहे की शेवटचा निवाडा देवाचा. मग मयताच्या घरी तो निवाडा वाचून दाखविण्याची घाई कशाला? निवडीची शिकवण ज्याने त्याने स्वतःच्या अहंकाराला लावायचे औषध आहे. ते दुसऱ्याच्या आजीला लावू नये.

दुसरी गोष्ट आमच्या हिंदू वडीलधाऱ्यांना, आणि ती जरा कडू लागेल. निवडीच्या नावाने ख्रिस्ती माणसाला हसण्यापूर्वी आपण आपल्या 'नशिबा'कडे पाहावे. मुलगा परीक्षेत पहिला आला की आपण म्हणतो, आम्ही कष्ट केले. शेजाऱ्याचा मुलगा दारूच्या नादी लागला की म्हणतो, त्यांचे प्रारब्ध. विधवा सुनेला म्हणतो, तुझ्या कपाळी हेच होते बाई. आपले यश पुरुषार्थाचे आणि दुसऱ्याचे दुःख दैवाचे, हा व्यवहार कोणत्या गीतेत लिहिला आहे? आमच्या मते हे उलटे करावे. आपल्या वाट्याला जे चांगले आले त्याला कृपा म्हणावे, कारण त्यात आपल्या कर्तबगारीखेरीज पुष्कळांचा हात असतो. उसाच्या मळ्यात राबलेल्या पणजोबांना शाळेची पायरी दिसली नाही, ती आपल्याला दिसली, हे आपण कोठे कमावले? आणि दुसऱ्याच्या अडचणीत मात्र प्रयत्नवादी व्हावे. त्याला उठण्यासाठी हात द्यावा. ज्याला निवड पटते आणि ज्याला स्वातंत्र्य पटते, त्या दोघांनाही हे एक सूत्र पाळता येईल.

तिसरी गोष्ट सर्वांना. आपल्या १९६८ च्या राज्यघटनेच्या अकराव्या कलमाने प्रत्येकाला विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य त्यातच आहे. सरकारने मॉरिट्ससारखे वागू नये म्हणून हे कलम आहे. पण घरात कलम चालत नाही, तेथे आपली समजूतच चालते. धर्म बदलला म्हणून मुलाला पंगतीतून उठविणे, वाटणीतून वगळणे, बहिणीच्या लग्नाला न बोलावणे, ही घरातली तलवार आहे. तसेच आजाऱ्याच्या खाटेशी बसून, त्याची भीती पाहून, त्याच्याकडून होकार वदवून घेणे, हीही तलवारच आहे. तिच्या धाकाने मिळालेला होकार कोणत्या देवाला हवा असेल?

आणि ज्यांना वाटते की असे वाद कधीच मिटत नाहीत, त्यांच्यासाठी एक वर्तमान. १९९९ साली लूथरपंथी आणि कॅथलिक यांनी ऑग्सबर्ग येथे तारणाविषयी एक संयुक्त घोषणा केली: मनुष्य कृपेनेच स्वीकारला जातो, आणि ही कृपाच त्याला सत्कर्माला प्रवृत्त करते. २००६ मध्ये वेस्लीच्या परंपरेतले मेथडिस्ट त्यात सामील झाले. २०१७ मध्ये कॅल्विनच्या परंपरेतील चर्चांची जागतिक संघटनाही आली. निवडीचा प्रश्न त्यांनी सोडविला असे नाही. प्रत्येकाने आपले मतभेद राखून ठेवले आहेत. पण ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांना सभेबाहेर हाकलले, ते एकाच कागदावर सह्या करून मोकळे झाले. त्यांना त्यासाठी शतकांमागून शतके लागली. आपल्या कुटुंबांना एवढा वेळ नाही, आणि एवढा वेळ लागण्याचे कारणही नाही. आपले नातेवाईक एकमेकांना अनोळखी नाहीत. ते एकाच आजीच्या मांडीवर वाढलेले आहेत.

ओल्डेनबार्नेव्हेल्ट हे नाव आपल्या बेटावर फारसे कोणी घेत नाही, मॉरिट्सचे मात्र रोज घेतले जाते. नाव बदलण्याची सूचना आम्ही करीत नाही. फक्त त्या नावाच्या माणसाने जे केले, ते त्याच्या नावाच्या बेटावर कोणत्याही घरात होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.